कादिझच्या बाजारातले बांगडे

"बाबा, आज सांगाल ना आईला?"

अनघाने पुन्हा विचारलं तेव्हा तिचा एक पाय बसच्या पायरीवर होता. आत बसलेले आमचे जावई काचेतून तिला चल चल म्हणून खुणावत होते.

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की? मागच्या बंदरातही तुम्ही सांगतो म्हणालात."

"अगं, सांगतो म्हटलं ना."

तिने आईकडे पाहिलं. शरयू जरा बाजूला, जहाजाच्या सावलीत उभी राहून धक्क्यावरचे पक्षी बघत होती. "आई, येते गं!" अनघा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "बाबांचा हात सोडू नकोस! संध्याकाळी भेटू!"

शरयूने डावा हात हलवला. बस सेव्हिया शहराच्या रस्त्याला लागली आणि धक्क्यावर आम्ही दोघं उरलो. दिवसभराचा बसप्रवास शरयूला झेपणार नाही, म्हणून आम्ही स्पेनच्या या बंदरात, कादिझमध्येच राहायचं ठरलं होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अनघाने आम्हाला त्या सहलीच्या जहाजावर नेलं होतं. मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेलो. शरयू वेंगुर्ल्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. नद्या, वारे, बंदरं असं काही सांगायला लागली की वर्गातली मुलं तासाची घंटा ऐकायची विसरत, असं तिचे विद्यार्थीच सांगतात. घरीही तेच. भाजी चिरता चिरता ती माझ्याशी, शेजारणीशी, खिडकीतल्या मांजराशी बोलत असायची.

आदल्या वर्षी श्रावणात एका सकाळी तिच्या हातातून तांब्या पडला आणि ती त्याच्या शेजारीच खाली बसली. पक्षाघात. हात-पाय पुढे बरेच सावरले. उजवा हात तेवढा कमजोर राहिला. शब्द मात्र परतले नाहीत. तिला सगळं समजायचं. पेपर वाचायची, बातम्या बघायची. पण "चहा" म्हणायला जावं तर तोंडातून "चप्पल" निघे. आणि आपलं चुकलं हे तिला स्वतःला ऐकू येई. त्यात जास्त हाल होते. भेटायला येणारी माणसं तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलत. कुणी तिचं वाक्य पुरं करी, कुणी हसू दाबी. हळूहळू तिने तोंड उघडणंच सोडलं. तिला काही हवं असलं की ती माझ्याकडे बघे. मी विचारी, "पाणी? पंखा? औषध?" तिने मान हलवली की काम झालं. आम्हाला दोघांनाही याची सवय होऊन गेली होती.

अनघाला हे बघवत नव्हतं. तिने पुण्यात आपल्या समोरचाच फ्लॅट आमच्यासाठी बघून ठेवला होता. आम्ही तिकडे राहायला जायचं आणि वेंगुर्ल्याचं घर विकायचं. मीही हो म्हटलं होतं. माझंही वय होत चाललं होतं. मला काही झालं तर हिचं काय, हा विचार मला सोडत नसे. फक्त शरयूला सांगायचं राहिलं होतं. ते माझ्याकडे होतं.

धक्क्यावरून बाहेर पडून रस्ता ओलांडला की गावच सुरू. कादिझ समुद्रात घुसलेलं गाव आहे. कुठल्याही गल्लीच्या टोकाला निळा तुकडा दिसतोच. सप्टेंबरचं ऊन होतं, पण गल्ल्या इतक्या अरुंद की खाली सावली. वर बाल्कन्यांमधून कपडे वाळत होते. मी जहाजावरून मिळालेला नकाशा हातात धरला होता. आधी सोनेरी घुमटाचं चर्च बघायचं, मग तिथल्याच एखाद्या बाकावर बसून हिला शांतपणे सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

चर्च आलं. मी मान वर करून घुमट बघितला, "बघ गं, काय उंची आहे," म्हणत वळलो, तर शरयू चर्चकडे पाठ करून उभी. मान किंचित वर. नाक उचललेलं.

"काय झालं? पाणी हवंय? बसायचंय?"

तिने मान हलवली नाही. ती चालायला लागली. माझा हात सोडून, एका गल्लीत, मग दुसऱ्या. चालताना तिचा उजवा पाय थोडा ओढला जायचा, त्या दिवशीही जात होता, पण मला तिला गाठायला धापा टाकाव्या लागल्या.

दोन वळणांनंतर मलाही वास आला. मासळीचा.

मोठ्या दगडी खांबांचा चौकोनी बाजार होता. आत शिरलो आणि शरयू थबकली. ठेल्यांच्या रांगाच रांगा. बर्फावर पसरलेली मासळी, वरून सोडलेले दिवे, ओरडणाऱ्या बायका, ओली फरशी. माणसाहून लांब तलवार-मासा नाक वर करून ठेवलेला. कोळंबी, माकुल, नावं न कळणारे लाल मासे. आजारपणानंतर वेंगुर्ल्याच्या बाजारात ती एकदाही गेलेली नव्हती. मीच जायचो आणि मासेविक्यांनी जे गळ्यात मारलं ते घेऊन यायचो.

ती एका ठेल्यापुढे उभी राहिली. पलीकडे पन्नाशीची, दणकट बांध्याची बाई, केस वर बांधलेले, कानात मोठाल्या रिंगा. पुढ्यात चांदीसारख्या पोटाचे, पाठीवर निळे-काळे पट्टे असलेले मासे.

शरयूने त्यातला एक उचलला आणि उलटा-सुलटा करून बघितला.

"बांगडा," ती म्हणाली.

मला वाटलं मला भास झाला. वर्षभरात तिच्या तोंडून एकाही वस्तूचं बरोबर नाव निघालं नव्हतं.

"काबाया," ठेल्यावरची बाई म्हणाली आणि माशावर बोट आपटलं. "काबाया!"

"काबाया," शरयू म्हणाली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "बांगडा."

"बांगदा!" बाई खळखळून हसली.

शरयूने अंगठ्याने माशाचा कल्ला उचलून आत बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. कल्ला लाल नव्हता, विटकरी होता. तिने मासा बर्फावर परत टाकला आणि ठणकावून म्हणाली, "पाऊस!"

शिळा म्हणायचं होतं तिला.

ठेलेवाली दुखावली. हात नाचवत ती स्पॅनिशमध्ये भडाभडा बोलू लागली. आज सकाळचा माल आहे, असंच काहीतरी असणार. आणि शरयू तिला उत्तर देऊ लागली. "पाऊस! जिना बघ, जिना! मी काय खडू आहे का?" असलं काहीबाही. एकही शब्द जागेवर नव्हता, पण सूर तंतोतंत तिचा होता. डावा हात कमरेवर गेलेला. वेंगुर्ल्याच्या बाजारात अशी उभी राहिली की मासेविक्या आपणहून चांगली पाटी पुढे सरकवायच्या.

मला मात्र घाम फुटला. ही बाई काय समजेल? मी पुढे झालो आणि इंग्रजीत म्हणू लागलो, "मॅडम, सॉरी, माझी बायको आजारी आहे, तिला बोलता..." आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट नेलं.

शरयू गर्रकन माझ्याकडे वळली.

"गप बसा!"

खणखणीत. वर्ग शांत करताना म्हणायची तसं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आजूबाजूच्या ठेल्यांवरची माणसंसुद्धा क्षणभर थांबली. मी गप बसलो. माझं बोट अजून डोक्याजवळच होतं, ते खाली घेतलं.

ठेलेवालीने माझ्याकडे बघितलं, शरयूकडे बघितलं, आणि बर्फाखालची वेगळी पेटी ओढून काढली. त्यातल्या बांगड्यांचे कल्ले रक्तासारखे लाल होते. शरयूने एक निवडला, दुसरा निवडला, तिसरा बाजूला सारला. बाईने तो सारलेला परत घालायचा प्रयत्न केला. शरयूने तिच्या मनगटावर चापट मारली. दोघी हसल्या.

त्या बाईला शरयूचे शब्द चुकताहेत हे कळायला मार्गच नव्हता. तिच्या दृष्टीने ही लांबून आलेली, स्वतःच्या भाषेत बोलणारी, मासळीतली जाणती बाई होती. ती शरयूचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबत होती, कारण पुढे काय येणार याचा तिला अंदाज नव्हता.

मासे पिशवीत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. "अगं, पण आपण करणार काय यांचं? जहाजावर स्वयंपाकघर कुठे आहे आपलं?"

शरयूने पिशवीकडे बघितलं. तिच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तिने ठेलेवालीपुढे पिशवी धरली, चूल पेटवल्याची खूण केली आणि हात हवेत उडवले. बाईला क्षणात कळलं. आपला ठेला शेजारणीवर सोपवून तिने आम्हाला बाजाराच्या कडेला नेलं. तिथे खाण्याचे ठेले होते, आणि आणलेली मासळी भाजून देणारा एक तिच्या ओळखीचा होता. वाटेत तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, "चारो."

"श-र-यू," माझी बायको म्हणाली. हळू, पण स्वतःचं नाव स्वतः.

भाजणारा माणूस बांगड्यांवर मीठ टाकून ते तसेच तव्यावर ठेवायला निघाला. शरयूने त्याचा हात धरला. मासे ओढून घेतले, सुरी मागितली, पण उजव्या हातात ती नीट धरता येईना. मी पुढे होणार होतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या का होईनात, तिने चिरा पाडल्या. "शाळा! शाळा!" म्हणत ती बोटं चोळून दाखवू लागली. त्याने लिंबू दिलं. तिने घेतलं, पण मान हलवली. त्याने लसूण दिली. अजून नाही. शेवटी त्याने लाल पूड पुढे केली. ती तिखट नव्हती, नुसता रंग आणि धुरकट वास, पण शरयूने तेवढ्यावर भागवलं. आणि ते सगळं माशांना चोळायला तिने उजवा हात वापरला. डॉक्टर वर्षभर सांगत होते, हा हात वापरत जा. ती तो पदराखाली ठेवायची.

आम्ही चौघांनी उभ्या उभ्या ते बांगडे खाल्ले. चारोने हाडं चोखून बशीत ठेवली आणि शरयूच्या गालाचा मुका घेतला. निरोप घेताना तिने आम्हाला हाताने समुद्रकिनाऱ्याची दिशा दाखवली. तिकडे जाच, असं तिचं म्हणणं दिसलं.

लहानसा, वाटीसारखा किनारा होता. पाण्यात रंगीत होड्या डोलत होत्या, दूर एक जुना किल्ला. म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्या टाकून कसला तरी आकड्यांचा खेळ खेळत होत्या आणि मधूनमधून भांडत होत्या. आम्ही भिंतीला टेकून वाळूत बसलो. आता सांगायलाच हवं होतं.

"शरयू," मी म्हणालो, "अनघाने पुण्यात एक फ्लॅट बघितलाय. तिच्या समोरचाच. तळमजल्यावर, म्हणजे तुला जिना नको. आपण तिकडे राहायला जावं असं तिला वाटतं. घर विकायचं म्हणतेय. मलाही... मलाही काळजी वाटते गं. तिथे मोठे डॉक्टर आहेत. तुला सोबत होईल."

ती समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "मला."

मी वाट बघितली.

"मला... दप्तर." तिने मान झटकली. "नाही. मला..."

माझ्या जिभेवर सगळी यादी तयार होती. मला भीती वाटते? मला नको? मला घरीच राहायचंय? यातलं काहीही मी पुढे केलं असतं आणि तिने दमून मान हलवली असती. मी तोंड उघडलंही. मग तव्याजवळ तिने माझ्याकडे टाकलेली नजर आठवली आणि मिटलं.

"मला... ए..." ती वाळूत बोट रोवून बसली होती. "मला... बा... बादली. नाही! नाही."

ऊन कलत होतं. मी घड्याळ बघितलं. साडेपाचच्या आत जहाजावर परतायचं होतं आणि बंदर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. शरयूच्या पायाने जायला पुष्कळ वेळ लागणार होता. उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही, हे रोज सकाळी कर्ण्यावरून सांगितलं जायचं. आमचे पासपोर्ट, तिची औषधं, सगळं तिथे.

"शरयू, आपण चालता चालता बोलू या का?"

तिने माझा हात घट्ट धरला. उजव्या हाताने. चालायला लागली तर धरून ठेवलेला धागा सुटेल, हे मला त्या पकडीतून कळलं. उठायला निघालेला मी पुन्हा बसलो. घड्याळ काढून खिशात टाकलं.

शेजारच्या बायका खेळ आवरू लागल्या. एकीने जाता जाता आम्हाला काहीतरी म्हटलं आणि हसली. भरतीचं पाणी होड्यांच्या बुडाशी चपचप करत होतं. शरयू ओठ हलवत होती, एकेक शब्द तोंडात घेऊन बघत होती, थुंकून टाकत होती. तिच्या कपाळावर घाम होता. मी काहीही बोललो नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी याहून कठीण काही केलं नसेल.

"मला," ती म्हणाली. "बाजारात." थांबली. "एकटीला." पुन्हा थांबली, आणि शेवटचा शब्द धाडकन बाहेर आला. "जायचंय."

मला बाजारात एकटीला जायचंय.

मी याद्या करत होतो त्यात हे कुठेही नव्हतं. मी कितीही शब्द पुढे केले असते तरी हे वाक्य माझ्या हातून निघालं नसतं.

"कुठल्या बाजारात?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

तिने माझ्याकडे, मूर्ख मुलाकडे बघावं तसं बघितलं. "आपल्या."

मग आम्ही उठलो. टॅक्सी कुठे दिसेना. मी नकाशा बघायचा नाद सोडला. समुद्र डावीकडे ठेवला आणि चालत सुटलो. ती पाय ओढत होती, मी तिचं कोपर धरलं होतं, दोघांनाही धाप लागली होती. मध्येच तिला हसू फुटलं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जहाजाचा जिना अजून लागलेला होता आणि पांढऱ्या गणवेशातला एक माणूस आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवत होता. आम्ही शेवटचे.

अनघा आत दाराशीच उभी होती. रडून डोळे लाल झालेले. "बाबा! अहो, कुठे होता तुम्ही? मला वाटलं आईला काही... हिच्या अंगाला मासळीचा वास कसला येतोय? आई, तू बरी आहेस ना?" हे शेवटचं मोठ्या आवाजात, सुटं सुटं.

शरयूने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. हळू बोल, असं.

अनघा माझ्याकडे वळली. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"तिलाच विचार की."

अनघा गोंधळली. तिने मला एकदा न्याहाळलं, मग आईकडे वळली. "आई, पुण्याचं काय करायचं गं?"

शरयूने श्वास घेतला. तिथे गर्दी होती, मागून माणसं वाट मागत होती, कुणीतरी कर्ण्यावरून काहीतरी सांगत होतं. मी अनघाच्या खांद्यावर हात ठेवला. तिने मध्ये बोलू नये म्हणून. शरयूला वेळ लागला, पण किनाऱ्यावर लागला तेवढा नाही.

"पुणं... नको. मला... बाजारात... जायचंय."

अनघा रडू लागली. आईने काय मागितलं ते तिला अजून कळलं नव्हतं. तिने आवाज ऐकला होता, वर्षभरानंतर.

वेंगुर्ल्याला परतल्यावर आठवड्याभरात शरयूने पिशवी घेतली आणि निघाली. मी ओटीवर येरझारा घालत होतो. शेजारचे तेंडोलकर कुंपणावरून म्हणाले, "बाईंना एकटीलाच सोडलंत?" मी हो म्हटलं. दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

ती आली तेव्हा दुपार होत आली होती. घामाघूम. मागून बाजारातली फुलाबाई येत होती, रिकामी पाटी डोक्यावर. "मास्तर," ती लांबूनच ओरडली, "बाईंनी माका आज काय काय म्हटल्यान ठावक आसा? खुर्ची म्हटल्यान! मी म्हटलंय, म्हणा, म्हणा, इतके दिवस कोण म्हणूक नाय होता!" आणि हसत पुढे निघून गेली.

शरयूने पिशवी ओटीवर ओतली. तिसऱ्या होत्या, शिंपल्यांतल्या. ढीगभर. तिने त्यांच्याकडे बघितलं, कपाळावर हात मारला, आणि तिथेच पायरीवर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला आणायचे होते बांगडे. तोंडातून भलतंच निघालं होतं आणि फुलाबाईने जे ऐकलं ते मोजून दिलं होतं.

"जाऊ मी बदलून आणायला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने मान हलवली. नाही. पदराने डोळे पुसले आणि तिसऱ्या भरायला पातेलं मागितलं.

"उद्या," ती म्हणाली.